कानबाईच्या चालीचा ट्रक

आमचे घरमालक बसमध्ये कायम शेवटच्या बाकावर बसत, आणि तेही मागच्या काचेकडे तोंड करून. गुडघे बाकावर टेकवून, लहान मूल बसतं तसे. कंडक्टर हटकायचा, बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, पण आबा ढिम्म. मागे पळत जाणारा रस्ता, केळीच्या बागा, दूध घालून परतणारे मोटरसायकलवाले, सगळं पार दिसेनासं होईपर्यंत बघत राहायचे. उतरताना शेजारी बसलेल्या माणसाने पुढचा फाटा आला का असं विचारलं, तर म्हणायचे, "पुढलं माले काय माहीत? मी मांगलं सांगू शकस."

सगळे त्यांना आबा म्हणत, म्हणून मीही. मी मूळचा धुळ्याचा. बँकेतल्या नोकरीत बदली होऊन जळगावला आलो आणि मेहरूणच्या तलावाजवळ त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागलो. आबांनी सगळी नोकरी पाचोऱ्याहून जामनेरला जाणाऱ्या छोट्या गाडीवर गार्ड म्हणून काढली. ती गाडी आता बंद झाली, पण तिच्या वेगाच्या गोष्टी आमच्याकडे अजून सांगतात. चढावर माणसं खाली उतरायची, पाय मोकळे करायची आणि पुन्हा चढायची. असल्या गाडीच्या शेवटच्या डब्यात, तोंड मागे करून, आयुष्य गेलेला माणूस कसा घडतो ते बघायला मला आयती जागा मिळाली होती.

सकाळी मी स्कूटर काढली की आबा ओट्यावर येऊन उभे राहत. आधी जिन्याकडे बघत, मग विहिरीकडे, मग माझ्याकडे, आणि मग खिशातला हिरवा रुमाल काढून हलवत. रुमाल हलल्याशिवाय निघायचं नाही असा त्या घराचा कायदाच होता. मी जात्याच उतावळा. उकळी फुटायच्या आधी चहा गाळणाऱ्यांपैकी. पहिले काही दिवस मी रुमालाची वाट न बघताच निघायचो, तर मागून कर्कश शिट्टी. तळपायाची आग मस्तकात जायची. वळून बघावं तर माझा जेवणाचा डबा खरोखरच जिन्यावर राहिलेला. शिट्टीपेक्षा याचाच राग जास्त यायचा.

"पयले मांगे देख, मंग पुढे," आबा डबा हातात देत म्हणायचे. "घाई कसानी शे?"

शिट्ट्यांचंही त्यांचं शास्त्र होतं. आखूड शिट्टी म्हणजे चला. आखूड आखूड म्हणजे थांबा. आणि एक लांब, हळू विझत जाणारी शिट्टी म्हणजे सावकाश. ही तिसरी शिट्टी रेल्वेच्या कुठल्या पुस्तकात होती की आबांनी स्वतःच काढली होती, देव जाणे. भाजीवाला ढकलगाडी दामटत निघाला, पोरं सायकली उडवत गेली, की ओट्यावरून ती लांब शिट्टी यायची. आश्चर्य म्हणजे सगळे खरोखरच सावकाश व्हायचे. त्या शिट्टीत असं काही होतं की पाय आपोआप जड होत. दुपारच्या वेळी, तलावावरून ओला वारा येत असताना ती ऐकली की मला झोप यायची.

अंगणात ट्रक होता. लष्कराच्या लिलावातून घेतलेला, बुटका, रुंद तोंडाचा, चारही चाकं ओढणारा. आबांनी तो का घेतला हे कळायच्या आधीच मी त्याला नावं ठेवायला सुरुवात केली होती. त्याचं मूळ इंजिन पेट्रोल पाण्यासारखं प्यायचं आणि मग बंद पडायचं. आबांनी ते काढून त्या जागी एका पिकअपचं डिझेल इंजिन बसवलं, त्याच्याच गिअरबॉक्ससकट. इथवर सगळं झटपट झालं, असं मिस्त्री सांगायचा. मिस्त्रीला आम्ही उस्ताद म्हणायचो. औद्योगिक वसाहतीकडे त्याचं गॅरेज होतं आणि आबांपुढे त्याने कधीच हात टेकले होते.

अडलं होतं ते ट्रान्स्फरपाशी. गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक छोटा गिअरबॉक्स असतो, तो इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देतो. त्याची दांडी 'लो'मध्ये ओढली की गाडी जोर धरते आणि मुंगीसारखी चालते. यालाच उस्ताद ट्रान्स्फर म्हणायचा. जुना ट्रान्स्फर जुन्या गिअरबॉक्सला जोडलेला होता. नव्याशी त्याचं काही केल्या जमेना. तेव्हा दुसरा निवडायचा. एवढंच. पण मी तिथे राहायला गेलो त्याच्याही आधीपासून ही निवड चालू होती.

उमेदवार एकूण तीन झाले, त्यांतले दोन तेव्हा घरातच होते. एक जुन्या जीपचा, तो बंगईखाली ठेवलेला असे. बंगई म्हणजे आमच्याकडचा घरातला मोठा झोपाळा. झोका घेताना पायाला लागायचा. दुसरा एका मोडक्या शहरी गाडीतून काढलेला, आत साखळी असलेला, बटणावर चालणारा. त्याला आबांनी पाटावर बसवून अक्कांची जुनी इरकल पांघरली होती. मला पहिल्या दिवशी वाटलं, घरात कोणी बसलेलं आहे, आणि मी नमस्कार केला. तिसऱ्याचं नंतर सांगतो.

अक्का म्हणजे आबांची बायको. हे सगळं त्या खुर्चीतून बघत. त्यांच्या पाठीचे मणके झिजले होते. वॉकर धरून घरातल्या घरात चालत, तेही देवघरापासून ओट्यापर्यंत. जिभेचे मणके मात्र शाबूत होते. कोणी पाहुणा त्या लोखंडांकडे बघत राहिला की त्या म्हणत, "या सवती शेतस मन्या. एकलेबी घरमां काम नही, आनि बठ्ठ्या बसेल!"

आबा यावर हसत नसत. ते पाटावरच्या ट्रान्स्फरजवळ बसून त्याचा शाफ्ट हाताने फिरवत, इकडून किती वेढे दिले की तिकडे एक वेढा पडतो ते बघत, मान हलवत, आणि पुन्हा इरकल पांघरत.

"आबा, हा वाईट आहे का?" मी एकदा विचारलं.

"वाईट कसाले व्हई? गुनी शे. आवाज नही, थरथर नही."

"मग बसवा की!"

"पयस," आबा म्हणाले. पळतो, हा त्या बिचाऱ्याचा दोष होता.

जीपच्या ट्रान्स्फरचा दोष वेगळा. त्याच्यातून पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट उजव्या बाजूने निघायचा आणि ट्रकच्या पुढच्या आसावरचा गोळा, ज्यात तो शाफ्ट शिरतो, होता डावीकडे. शाफ्ट तिरपा घेऊ म्हणून उस्ताद हटून बसला. तिरपा घेतला तर कंप येईल, आबा म्हणत. थोडा येईल, उस्ताद म्हणे. मग आबा उठत, आतून ताकाने काठोकाठ भरलेली वाटी आणत आणि ट्रकच्या सीटवर ठेवत. "हाई सांडाले नको," एवढं बोलून निघून जात. उस्ताद वाटीकडे बघे, माझ्याकडे बघे आणि शेवटी ताक पिऊन घरी जाई.

ही वाटी कोणासाठी होती हे मला त्या वर्षीच्या श्रावणात कळलं.

खानदेशात श्रावणात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी. नारळाची देवी, तिला नथ, डूल, साडी. घराण्यातले बठ्ठे, म्हणजे झाडून सगळे, भाऊबंद, मग ते सुरतेला असोत नाहीतर पुण्याला, त्या दिवशी मूळ घरी जमतात. नैवेद्याचे रोट होतात, रात्रभर गाणी होतात, आणि सोमवारी सकाळी घरची सून पाटावरची कानबाई डोक्यावर घेऊन पाण्याकडे निघते. आबांच्या घराण्याची कानबाई चोपड्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात बसते. गावाजवळ नदी आहे, पण यांची कानबाई तिथे जात नाही. ती नाल्याच्या पात्रातून वर डोंगराकडे, एका डोहापर्यंत जाते. वाट म्हणजे नुसते गोटे. कानबाई एकदा निघाली की थांबत नाही. तिच्या पुढे कोणी जायचं नाही. आणि भाऊबंदांतला शेवटचा माणूस पाण्यात पाय घालीपर्यंत नारळ डोहात सोडायचा नाही.

अक्का त्या घरची मोठी सून. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणापासून पाठ गेली त्या वर्षापर्यंत कानबाई त्यांच्या डोक्यावरून गेली. मग बंद झालं. आता सोमवारी सकाळी बठ्ठं घर डोहाकडे जायचं आणि अक्का गावातल्या रिकाम्या घरात, राखण करायला मागे ठेवलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याबरोबर बसायच्या. गाणी दूर दूर जाताना ऐकायच्या. पुढे पुढे तर त्यांनी गावाला जाणंच सोडलं.

"आनि शेवटला मानूस पानीमां पाय घालस, आसं म्हनतस," त्या मला एकदा म्हणाल्या. "मी काय घरनी नही का?"

एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. त्या बाईला तेवढी एकच गोष्ट हवी होती, कानबाईच्या मागे एकदा त्या डोहापर्यंत जायचं आणि पाण्यात पाय घालायचे.

आमच्यासारख्या उतावळ्यांना उपाय लगेच सुचतात. मी म्हटलं, खुर्चीला बांबू बांधू, चौघं उचलून नेऊ. अक्का फणकारल्या, "चौघासना खांदावर मी एकदावच जासु. ती येळ आजून येल नही." ट्रॅक्टरची ट्रॉली म्हटलं, तर डॉक्टरांनी धक्का बसता कामा नये असं बजावलेलं. बैलगाडीने धक्के दुप्पट. साधी जीप त्या गोट्यांत इतकी हळू चालत नाही. क्लच दाबत दाबत न्यावी तर झटके, आणि शेवटी क्लच जळून मधेच थांबणार. मिरवणुकीत थांबायचं नाही, पुढे जायचं नाही, उसळायचं नाही. फक्त बायांच्या मागून, बायांच्या पावलाने चालत राहायचं. असं चालणारं वाहन बाजारात मिळत नव्हतं, म्हणून आबा ते बनवत होते.

हे कळल्यावर मी ट्रकला नावं ठेवणं सोडलं. घाई मात्र सोडली नाही, उलट वाढली. अक्का दिवसेंदिवस वाळत होत्या. देवघरापासून ओट्यापर्यंतचा प्रवास आता खुर्चीपर्यंतच व्हायला लागला होता. मी आबांना रोज भंडावून सोडायचो, बसवा हो कोणतातरी, पुढच्या श्रावणाचं कोणी पाहिलंय. आबा माझ्याकडे शांतपणे बघत आणि शाफ्ट फिरवत. त्या बघण्यात दुःख नव्हतं असं नाही. पण ते गाडी लेट झाल्यावर गार्डाला जेवढं होतं, तेवढंच दिसायचं. खरं सांगतो, मला तेव्हा त्यांचा राग यायचा.

तिसरा ट्रान्स्फर धुळ्याला सापडला. मी सुट्टीला घरी निघालो तर आबा म्हणाले, मीबी येस. बसमध्ये अर्थातच शेवटचा बाक. आग्रा रोडला जुन्या ट्रकांची भंगारं आहेत, तिथे मी त्यांना घेऊन गेलो. उन्हात सगळं पांढरं पडलं होतं. दारं नसलेल्या केबिना, काचा नसलेले दिवे, आणि मधून मधून उगवलेल्या रुईच्या झुडपांवर फुलपाखरं. आबा त्यातून देवळात फिरल्यासारखे हिंडत होते. भंगारवाले चाचा खाटेवर बसून कलिंगड खात होते.

"क्या चाहिये?"

आबांनी सांगितलं.

"कितना भागना चाहिये?"

"भागना नही. धीरे कितना चलेगा वो बोलो."

चाचांनी कलिंगडाची फोड खाली ठेवली. "जिंदगी में पहला गिराईक देखा," ते माझ्याकडे बघून म्हणाले, "जो ये पूछता है." आणि मग उठून, एका पत्र्याखालून, ओल्या मातीत अर्धा रुतलेला एक काळा बोजड डबा त्यांनी दाखवला. खाणीतल्या कुठल्या परदेशी ट्रकचा होता. तो गिअरबॉक्सला चिकटून बसणारा नव्हता. चेसिसवर वेगळा, एकटा बसवायचा आणि गिअरबॉक्सपासून त्याच्यापर्यंत एक बुटका शाफ्ट टाकायचा. म्हणजे गिअरबॉक्स कोणताही असो, याला फरक पडत नव्हता. पुढचा शाफ्ट डावीकडून निघत होता. आबा खाली बसले. चिखल पुसून त्यांनी एका बाजूने शाफ्ट फिरवायला सुरुवात केली. फिरवत राहिले, फिरवत राहिले. दुसऱ्या बाजूचं टोक हलतंय की नाही तेच कळेना. मग ते फार हळू, झोपेत कूस बदलावी तसं, फिरलं.

आबांनी वर पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. मी त्या माणसाला त्याआधी आणि त्यानंतर तसं पाहिलं नाही.

उस्तादने अर्थात कुरकुर केली. वजन फार, आवाज फार, वरच्या गिअरमध्ये गाडी पळणार नाही. आवाज होताच. विहिरीत तोंड घालून कोणी हुंकार द्यावा तसा. पण ताकाची वाटी सीटवर ठेवली तर तिच्यावर नुसती बारीक वर्तुळं उठत, थेंब सांडत नसे. आबांनी अक्कांसाठी पुढची सीट काढून तिथे जुन्या बंगईची फळी स्प्रिंगांवर बसवली, वर कापसाची गादी घातली. कागदपत्रांचं कसं जमवलं ते मला विचारू नका. त्यात आणखी एक पावसाळा गेला आणि माझ्या डोक्यावरचे केस गेले.

चाचणीची त्यांची पद्धत बघायला तलावावर माणसं जमायची. काठाने कच्चा रस्ता आहे, त्यावर एक चिंच आणि पुढे एक लिंब. आबा चिंचेपाशी उभे राहत आणि कानबाईचं एक गाणं पुटपुटायला लागत. गाणं संपेपर्यंत ट्रक लिंबापाशी पोहोचला पाहिजे, आधी नाही आणि नंतर नाही. आबांच्या डोक्यात गाणं आणि पावलं एकमेकांना शिवलेली होती. कानबाईच्या मागून चालताना हे गाणं नेमकं एवढ्या वाटेला पुरतं, असं ते सांगत. एकदा उस्तादने लो टाकून, पहिला गिअर टाकून, स्टिअरिंग सोडलं आणि खाली उतरला. ट्रक आपला आपण चालत राहिला. संध्याकाळचं पाणी लालसर झालेलं, बगळे परतत होते, आणि तो रिकामा ट्रक हुंकार देत काठाने जात होता. मागून आबा, हात पाठीशी बांधून, ओठ हलवत. ट्रकने लिंब गाठला आणि आबांचे ओठ थांबले. जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र क्षणभर वाटलं, मी जागा नाही.

आबा स्वतः ट्रक चालवत नसत. त्यांना येत होतं, पण गार्डाने इंजिनावर चढायचं नसतं म्हणे. तेव्हा त्यानंतरच्या श्रावणात ड्रायव्हर म्हणून माझी नेमणूक झाली. "मांगे देखानं नही," आबांनी बजावलं. "मांगे मी शे." मी म्हटलं, आबा, आजवर तर म्हणत होतात आधी मागे बघ. ते म्हणाले, "ते गार्डनं काम. ड्रायव्हरनी पुढेच देखानं."

शनिवारी निघालो. तापीच्या पुलावर अक्कांनी नमस्कार केला आणि पदराच्या गाठीतलं नाणं पाण्यात टाकायला लावलं. आबा मागच्या हौद्यात, तोंड जळगावकडे. दोन्ही बाजूंना केळी. सातपुडा आधी निळा, मग हिरवा होत गेला. अक्का गादीवर बसून सगळं असं बघत होत्या की जणू कोणीतरी त्यांच्यासाठीच ते पुन्हा मांडून ठेवलंय. मधेच म्हणाल्या, "भाऊ, हाऊ आवाज चांगला शे. झोप येस." आणि खरंच झोपल्या.

सोमवारी सकाळी कानबाई निघाली. धाकटी सून पुढे, डोक्यावर पाट, तिच्याभोवती गाणाऱ्या बाया, मागे पुरुष, आणि सगळ्यांच्या शेवटी आमचा ट्रक. ट्रकच्याही मागे आबा, पायी, अनवाणी. नाल्यात घोट्याएवढं पाणी होतं. मी लो टाकला, पहिला गिअर टाकला, आणि पाय पेडलवरून काढून घेतले. चाकं एकेका गोट्यावर चढत होती, उतरत होती, हत्तीने पाऊल चाचपून टाकावं तशी. अक्कांच्या गादीखालची फळी फक्त डुलत होती.

आणि मग माझ्या लक्षात आलं की मिरवणूक पुढे चाललीय.

सुरुवातीला चार पावलं. मग वीस. मग बायांच्या लुगड्यांचे रंग एकमेकांत मिसळले. मग त्या वळणाआड गेल्या. गाणं तेवढं ऐकू येत होतं, तेही कमी होत होतं. एवढी वर्षं, एवढी तीन तीन लोखंडं, ताकाच्या वाट्या, चिंच आणि लिंब, आणि आबा चुकले! ट्रक हळू झाला होता. कानबाईपेक्षा हळू. अक्का पुन्हा मागेच राहणार होत्या, तशाच गाणी दूर जाताना ऐकत. माझा हात दांडीवर गेला.

"आबा!" मी ओरडलो. "मागे पडतोय आपण! लो काढतो!"

मागून शिट्टी आली. लांब. विझत जाणारी.

"आबा, अहो ते गेले पुढे!"

पुन्हा तीच शिट्टी. मी रागाने अक्कांकडे पाहिलं, म्हटलं निदान या तरी बोलतील. अक्का समोर बघत होत्या. त्यांचा एक हात वर गेला होता, डोक्यापाशी, अगदी पाट धरावा तसा. त्यांच्या ओठांवर तेच गाणं होतं, आणि मला कळलं की त्या ज्या लयीत ते म्हणत होत्या, ती पुढे गेलेल्या बायांची लय नव्हती. ती तलावाच्या काठावरची, आबांची लय होती.

"हाई ते मनी चाल शे, भाऊ," अक्का म्हणाल्या.

मी दांडीवरचा हात काढला.

"पयल्या वरीसले मी भलती घाबरेल व्हतू. गोटा, पानी, डोकावर देवी. पाय सरकना ते? आशी एक एक पाऊल टाकीसन चालनू. मंग तीच सवय पडनी. सासू वरडे, पाय उचल, ऊन व्हई राह्यनं. बठ्ठासले घाई." त्या थांबल्या. ट्रक एका मोठ्या गोट्यावर चढला आणि सावकाश उतरला. "हाऊ मानूस मांगे चाले. एकदावबी बोलना नही, पुढे व्हय."

आबांना दुसरी चाल माहीतच नव्हती. कानबाईची चाल म्हणजे काय, असं त्यांना कोणी विचारलं असतं तर त्यांनी हीच दाखवली असती. मधली वर्षं धाकट्या सुनेच्या मागून ते चालले होते, पण डोक्यात ही मोजून ठेवलेली होती. त्या माणसाने जीपचं, शहरी गाडीचं, खाणीतल्या ट्रकचं लोखंड वर्षानुवर्षं हाताने फिरवून पाहिलं होतं ते बायकोच्या पावलासाठी. मला हुंदका आला. गाडी चालवताना रडण्यात धोका असतो, पण या गाडीला तेवढा नव्हता.

आम्ही डोहावर पोहोचलो तेव्हा सगळे उभे होते. नारळ अजून धाकट्या सुनेच्या डोक्यावर. एक म्हातारे चुलते करवादले, "गार्डना डबा उना रे बा शेवटी!" आणि सगळे हसले. मी ट्रक पाण्यात घातला, पायरी बुडेपर्यंत. अक्कांनी स्वतः, कोणाचा हात न धरता, दोन्ही पाय खाली सोडले आणि पाण्यात घातले. मग आबा आले. त्यांनी मागे वळून नाल्याकडे पाहिलं. कोणी राहिलं नाही अशी खात्री केली. आणि सगळ्यांत शेवटी पाण्यात उतरले. तेव्हा कानबाई डोहात गेली.

अक्का त्याच हिवाळ्यात गेल्या. भरताच्या वांग्यांचे दिवस होते. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या.

मेहरूणची स्मशानभूमी आमच्या घरापासून फार लांब नाही. बाहेरगावचे नातेवाईक आले होते, थंडीचा दिवस लवकर मावळणार होता, कोणाला रात्रीच्या आत परतायचं होतं. तिरडी उचलली तेव्हा पुढचा उजवा खांदा माझा होता. आपल्याकडे खांदेकरी चालतात ते जवळजवळ पळतच. आम्हीही निघालो तसेच. चिंचेपर्यंत गेलो असू, तेवढ्यात मागून ती आली. लांब, हळू विझत जाणारी शिट्टी.

आमची पावलं आपोआप लहान झाली. एक गोटा, मग दुसरा गोटा, तसे आम्ही चालू लागलो. तलावावर बगळे परतत होते. चिंचेपासून लिंबापर्यंत जायला आम्हाला एक अख्खं गाणं लागलं. मी ते मनात म्हणत होतो, आणि मागून कोणीतरी ते पुटपुटत असल्याचं ऐकू येत होतं. मला फार वाटत होतं की वळून बघावं. पण माझं काम पुढे बघायचं होतं. मागे आबा होते.